गळ्यावरची रेघ

ईदची कुर्बानी उरकून आमच्या हेरातचे काझी थेट चित्रशाळेत घुसले. मेंढ्याला पाणी न पाजताच सुरी काढली म्हणून सकाळी त्यांनी खाटकाला फैलावर घेतलं होतं. आता पाळी आमच्या उस्ताद मेहरयारांची.

"हे हरणाचं पाडस कुठं पाहिलंस?"

"डोळे मिटले की दिसतं, हुजूर."

"जीव घडवणं अल्लाहचं काम. कयामतीला तो म्हणेल, घाल यात जीव. मग?"

"जमणार नाही म्हणेन. नुसते रंग आहेत ते."

"मग मार गळ्यावर रेघ. मेलेलं दिसलं की पाप नाही. नाहीतर हा हात राहायचा नाही."

उस्तादांनी लेखणी पुढे केली. "तुम्हीच मारा."

काझींनी लेखणी शाईत बुडवली. कागद काब्याच्या दिशेला फिरवला, डाव्या हातानं पाडसाचे डोळे झाकले आणि विचारलं, "याला पाणी पाजलंस?"