डाख देण्याआधी

बाबा गेले त्याला वीस दिवस झाले होते आणि त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आज रिकामं करायचं होतं. मी भंगारवाल्यासाठी तिसरं पोतं भरत होते, तेवढ्यात समोरच्या पटांगणात हायस्कूलच्या मुलींचा रोबो साऱ्या गावादेखत बंद पडला.

"चहा पाजा त्याला!" कुणीतरी ओरडलं.

एक मुलगी रोबो उचलून धावत आली. "ताई, काकांची सोल्डरिंग गन आहे का अजून?"

मी पोतं उपसून ती दिली. बाबांच्या टेबलावर तिने रोबो उघडला आणि तुटलेल्या वायरीला सोल्डरचा डाख देण्याआधी गाठ मारली.

"गाठ कशाला?" मागोमाग आलेल्या चिमुरडीने विचारलं.

"ओढ गाठीवर यावी, डाखावर नको. विसरलं की काका ओरडायचे."

मला बाबांनी हे कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

डाख देऊन ती रोबो घेऊन परत धावली. पटांगणात टाळ्या वाजल्या, तरी चिमुरडी टेबलापाशीच वायरीच्या तुकड्याला तशी गाठ मारायला झटत राहिली. भंगारवाला दारात आला. "टेबलपण न्यायचं ना, ताई?"

"नाही," म्हणत मी दमून चिमुरडीशेजारी बाबांच्या स्टुलावर बसले. "मलाही दाखव गं, गाठ कशी मारतात."