अरुंधती, आत्ता

सप्तपदी झाली आणि गुरुजी म्हणाले, "आता अरुंधती बघा, आणि दिसली म्हणा." मांडवातल्या सगळ्यांनी हौसेने मोबाइल आकाशाकडे धरले. नवरीच्या, शाल्मलीच्या, मोबाइलमधलं नवं ॲप मात्र ताऱ्याचा जुना उजेड दाखवत नसे. तारा या क्षणी कसा आहे, ते दाखवी. तिने 'आत्ता' दाबलं. वसिष्ठ होता. त्याच्या शेजारी काळोख होता.

तिने दचकून वर पाहिलं. नुसत्या डोळ्यांना अरुंधती तिथेच लुकलुकत होती.

"अगं, दिसली म्हण ना!" आत्या म्हणाली.

शाल्मलीने मोबाइल गुरुजींपुढे धरला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी घाईने स्क्रीनवर उपरणं टाकलं.

"म्हण, पोरी," ते कुजबुजले. "तिचा उजेड अजून ऐंशी वर्षं येईल. तुमच्या संसाराला पुरेल."