उजवी चप्पल

कमरेतून निघालेली कळ मांडीमागून टाचेपर्यंत उतरत होती, तरी शाळेच्या बसचा ड्रायव्हर डॉक्टरबाईंसमोर हसत बसला होता. आज तंदुरुस्तीचा दाखला मिळाला नाही, तर उद्यापासून बस दुसऱ्याच्या हातात जाणार होती. “पाय बधिर होतो?” “छे, नाचून दाखवू का?” “ब्रेक दाबलेला कळतो?” “आयुष्यभर तेच करतोय, बाई.” त्यांनी पेन उचललं. तेवढ्यात बायको धापा टाकत आत आली, हातात त्याची उजवी चप्पल. “अहो, ही जिन्यात पडली होती. एका पायानं अनवाणी वर आलात आणि तुम्हाला पत्ताच नाही?” त्यानं तळवा फरशीवर दाबला, गारवा लागलाच नाही. बाईंनी पेन ठेवलं. “शीर दबलीय. उपचारांनी, व्यायामानं सुधारेल. तोवर बस नाही.” त्यानं खिशातली किल्ली बायकोच्या हातावर ठेवली. “शाळेत देऊन ये. पोरांवर येणारं देवानं चपलेवर निभावलं.”