निवळीचा घडा

"हा घडा रिकामा कसा?" सासूनं विचारलं, तेव्हा सामिका भोपळ्याच्या वेलाकडे बघतच राहिली. सातवाहनांच्या काळातलं ते कोरडं गाव, आणि ती नदीकाठची, आठ दिवसांची नवरी. घड्यातलं पाणी गढूळ दिसलं म्हणून खरकटवणी समजून तिनं ते वेलाला घातलं होतं.

"अगं, आतून निवळीची बी घासली होती मी. गाळ खाली बसला की तेच प्यायचं! साऱ्या घराचं दोन दिवसांचं पाणी गेलं ना!"

तेवढ्यात तहानलेले सासरे रानातून आले.

"कपिला गाईनं लवंडलं पाणी," सासू चटकन म्हणाली. ते काठी उचलून गोठ्याकडे निघाले.

सामिकेला काही उमगेना. सासू आपल्यासाठी खोटं का बोलली? आता गप्प राहावं, की बोलावं? तशीच गोंधळलेली ती धावली आणि गाईच्या आड उभी राहिली. "मी ओतलं ते, मामंजी."

मामंजी काठी टाकून, रिकामा घडा खांद्यावर घेऊन कोसभर लांबच्या झऱ्याकडे निघाले. सासूनं सामिकेचे भरून आलेले डोळे पदरानं टिपले. "रडू नको, बाई. एवढंसुद्धा पाणी सांडायची सोय नाही इथं."