खाटेवरचा कागद

आप्पांनी कौलांखाली अंथरलेला काळा प्लास्टिकचा कागद मला बदलायचा नव्हता. तो त्यांच्या हातचा होता. पण भर वैशाखात त्यांच्या खाटेवर थेंब पडायला लागले, तेव्हा खरवई गावातल्या घरी मी कौलं शाकारणाऱ्या बाळाजींना बोलावलं.

"ताई, एक कौल फुटलेलं नाय. कागद वरनं खडखडीत कोरडा, खालनं ओला," ते शिडीवरून म्हणाले. "पातेल्यावरचं झाकण असतं ना, तसा. या खाटेवर कोन झोपतं?"

"कोणी नाही. आप्पांना जाऊन दोन महिने झाले."

"मग घरालाच घाम फुटलाय तुमच्या," ते हसले. मी हसले नाही, तेव्हा त्यांनी जुना कागद उतरवला. काचेच्या कौलातून उजेड यावा म्हणून नवा पारदर्शक घातला.

दुपारी मी पहिल्यांदाच त्या खाटेवर आडवी झाले. वर ऊन दुधासारखं पसरलं होतं. कागदावर तळहाताएवढं धुकं आलं, विरलं, पुन्हा आलं. माझाच श्वास असेल, असं मनाशी म्हटलं.

मी श्वास रोखून धरला.

धुकं येत राहिलं, जात राहिलं. पुन्हा श्वास घ्यायला माझं मन होईना.