ताईची फाईल

नांदेडचा दयानंद आणि लातूरला दिलेली त्याची थोरली बहीण दीपमाला मिळून देगलूरच्या एका दवाखान्यासाठी प्रोग्राम लिहीत होते. तिच्या प्रोग्रामनं साठवलेली फाईल त्याच्याकडं उघडली, की पेशंटच्या नावांच्या जागी नुसता कचरा दिसायचा.

"ताई, तू मुद्दाम करून राहिली. मला तोंडावर पाडायचंय तुला."

"तुला वाचता येईना, अन् नाव माझं?"

शेवटी कॉलेजच्या जुन्या सरांनी दोघांचा कोड पाहिला. "चूक कुणाचीच नाही. कोडचा प्रोग्राम करणारे तुमचे कंपायलर वेगळे आहेत. एकाची फाईलमधली मांडणी दुसऱ्याला कळत नाही. कुणीतरी एकानं कंपायलर बदला."

"म्या बदलणार न्हाई," दीपमालानं फोनवर ठणकावलं.

"मग भाऊबीजेला माझी वाट बघू नको," म्हणत दयानंदनं फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी तिची नवी फाईल आली. पुन्हा कचराच. त्यानं संतापून फोन लावला.

"ताई, आता काय केलंस? म्या तुझावाला कंपायलर टाकून घेतला, तरी फाईल उघडंना!"



 

"आरं येड्या, म्या तुझावाला टाकून घेतला ना."