मेथीची भाजी

वर्ध्याच्या डॉक्टरांनी नरहर मास्तरांच्या बायकोची, कोकिळाची, छाती तपासली, रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि मान हलवली. "मास्तर, हिच्या रक्तात लोह फारच कमी आहे. त्यात रोजचा चुलीचा धूर. अशानं हा खोकला जन्माचा दमा होऊन बसेल. घरी खायला काय असतं?"

नरहर मास्तर सेलूच्या शाळेत आरोग्याचा धडा शिकवत. कोणत्या भाजीत लोह असतं, ते त्यांनी पोरांकडून तोंडपाठ करून घेतलेलं. प्रश्न ऐकून गडी खुललाच. "खायाची कमी नाई जी आपल्या घरी. पालेभाजी, तुरीचं वरण, ज्वारीची भाकर, वरून गुळाचा खडा. रोजचं हेच."

डॉक्टर चक्रावले. ते कोकिळाकडे वळले. "बाई, आज काय जेवून निघालात?"

"भाकर," ती पदरात खोकत म्हणाली.

"अन् भाजी? सांग ना, मेथी होती ना आज!" मास्तर मध्येच बोलले.

कोकिळानं नवऱ्याकडे पाहिलं. घरची बाजू सावरून घ्यावी तशी ती डॉक्टरांना हसून म्हणाली, "होती जी. पन आज ह्यायले लय आवडली."

मास्तरांची मान खाली गेली. "कढईत हाय तेवढी वाढ मले," सकाळी तेच तिला म्हणाले होते.